ज्वालामुखीवाले पप्पा

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, मीरा-भाईंदरच्या पेणकरपाड्यातल्या चायनीजच्या गाडीवर एखादा गृहस्थ काहीही न खाता नुसतं व्हिनेगर मागत असेल, तर तो ज्वालामुखीवाला पप्पा समजावा. ‘भैया, आधा लिटर देना.’ गाडीवाला आता कारण विचारत नाही. दर वर्षी कुणी ना कुणी येतोच. मिरच्या गाळून तो बाटली पुढे करतो.

तसे पप्पा विज्ञानातले नव्हेत. बी.कॉम. झालेत, अंधेरीला एका कंपनीत बिलं तपासतात आणि संध्याकाळी दहिसर चेकनाक्याच्या ट्रॅफिकला शिव्या देत घरी येतात. पण शाळेच्या ग्रुपवर ‘सायन्स डे, वर्किंग मॉडेल कम्पल्सरी’ असा मेसेज पडला की त्यांच्यातला शास्त्रज्ञ बनियनवर बाहेर येतो. १९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून १९८७पासून त्या तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन. मीरा-भाईंदरची महापालिकाही २००२ साली नेमकी त्याच तारखेला जन्माला आली. पप्पांच्या मते मात्र ही तारीख ज्वालामुखीसाठीच राखून ठेवलेली आहे.

प्रोजेक्ट अर्थातच चौथीतल्या मुलीचा. तिला मटकीला मोड कसे येतात ते दाखवायचं होतं. मटकी भिजत घालूनही झाली होती. ‘मोड काय, तुझी आई आठवड्याला आणते,’ असं म्हणून पप्पांनी ती उसळीकडे वळती केली. वर्किंग मॉडेल म्हणजे काहीतरी उसळलं पाहिजे, वाहिलं पाहिजे, मॅडमनी दोन पावलं मागे सरकलं पाहिजे.

डोंगराची त्यांना कधी चिंता नसते. पुठ्ठा, रद्दी आणि खळ यांचा एकच डोंगर त्यांनी माळ्यावर जपून ठेवलेला आहे. तो गणपतीत कैलास असतो, दिवाळीत रायगड, आणि फेब्रुवारीत शेंड्याला भोक पाडून आत बाटली बसवली की ज्वालामुखी. कैलासाचं बर्फ घासूनही पूर्ण जात नाही, आणि यंदा एका बगलेला दिवाळीतला मावळा भाला उगारून घट्ट चिकटून राहिला होता.

‘राहू दे ना, पप्पा.’

‘ज्वालामुखीवर मावळा असतो का कुठे, वेडे!’

असतो की. पोरगीच बरोबर होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा आला तो मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहत आला आणि थरावर थर साचत गेला. टोकदार शेंडा आणि त्यातून धूर हा थाट जपान-इटलीचा. आपल्याकडे ते थर झिजून सह्याद्रीचे कडे झाले, आणि त्याच कड्यांवर महाराजांनी गड बांधले. रायगडावरचा प्रत्येक मावळा लाव्ह्यावरच उभा होता. घाटात काळ्या दगडाला भोकं दिसतात, ते लाव्हा थिजताना आत कोंडलेल्या वायूचे बुडबुडे. म्हणजे पप्पांचा दिवाळीतला रायगडच खरा अस्सल मराठी ज्वालामुखी होता, फक्त त्यांनी तो शेंड्याला भोक पाडून बिघडवला. पण हे त्यांना सांगायला गेलं की ते म्हणतात, ‘शेंडा नसेल तर मॅडमना कळणार कसं?’ आणि यावर माझ्याकडेही उत्तर नाही.

मग रात्री उशिरा मोरीत चाचणी होते. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. व्हिनेगरात चार-पाच टक्के ॲसेटिक आम्ल असतं. दोघांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साईड सुटतो आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब त्याला बुडबुड्यांत अडकवून फेस करतात. पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर सोड्यातून लिटरभराहून जास्त वायू निघतो, आणि त्याला अर्धी-पाऊण वाटी व्हिनेगर पुरतं. पण दिवसभर दुसऱ्यांच्या पैशा-पैशाचा हिशेब तपासणारा हा माणूस इथे चमचा हातात धरत नाही. शंभर ग्रॅमचं पाकीट दातांनी फोडून सगळं आत. त्या मानाने दीड लिटर व्हिनेगर लागेल. गाडीवरची अख्खी बाटली रिकामी झाली तरी निम्म्याहून जास्त सोडा तळाशी शांत बसून राहतो. पप्पांचं म्हणणं, सोडा जुना आहे.

यंदा ऐन वेळी लाल रंग संपला. सासूबाईंनी गावाहून पाठवलेलं हळदीचं कुंकू देव्हाऱ्याशेजारी होतं. पप्पांनी त्यातलं दोन चमचे सोड्यात कालवलं. रंग फक्कड आला. वरून व्हिनेगर पडलं, डोंगर फुसफुसला, आणि शेंड्यातून बाहेर आला तो पिवळाधमक फेस.

‘अहो, कढी उतू गेली का?’ आतून आवाज आला.

‘पप्पा, लाल होतं ते पिवळं का झालं?’

‘भेसळ आहे कुंकवात.’

भेसळ कसली! उलट ते अस्सल होतं म्हणूनच पिवळं झालं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तेच कुंकू. आणि आम्ल पडलं की पुन्हा हळदीवर येते. त्या रात्री मोरीत एक झकास प्रयोग झाला होता, तोही मुलीने प्रश्न विचारलेला. पप्पांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि शेजाऱ्यांकडे लाल रंग मागायला निघाले.

प्रदर्शनाच्या वर्गात बाकांवर ज्वालामुखींची रांग होती आणि दारात पप्पांची. मुलांनी मॉडेलला हात लावायचा नाही, असं सगळ्या पप्पांनी बजावलेलं. लाव्हा सोडताना पोरीने बाटली धरायची आणि पप्पांनी खिडकीतून डोळ्यांनी खुणा करायच्या, असं ठरलं होतं. फेस आला, लाल आला, मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. सगळं मनासारखं. तेवढ्यात पोरीने मावळ्यापाशी साचलेल्या लाव्ह्यात सरळ बोट बुडवलं.

‘मॅडम, हा गार आहे.’

मॅडमनीही बोट बुडवलं. खरंच गार. सोडा आणि आम्ल एकमेकांत मिसळताना बाहेरची उष्णता ओढून घेतात, त्यामुळे हा लाव्हा हाताला थंड लागतो. पण हे त्या क्षणी तिथे कुणाच्याच चार्टवर लिहिलेलं नव्हतं.

‘अरे वा! का बरं गार असेल?’ मॅडमनी विचारलं. पोरगी विचार करायला लागली. वर्ग विचार करायला लागला. खिडकीतून पप्पांना राहवेना.

‘वर पंखा चालू आहे ना, मॅडम!’