निदान चेंडू तरी धरा

२९ नोव्हेंबर २०२५ रोजी कार्डिफमध्ये दक्षिण आफ्रिकेनं वेल्सचा ७३-० असा पराभव केला. त्यातल्या ७३बद्दल माझी तक्रार नाही. २०१९ आणि २०२३ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकलेला तो संघ आहे. शिवाय सामना आंतरराष्ट्रीय रग्बीसाठी राखून ठेवलेल्या तारखांच्या बाहेर होता, त्यामुळे इंग्लंड-फ्रान्समधल्या क्लबांकडून खेळणारे आमचे खेळाडू संघात नव्हतेच. अशा वेळी अकरा ट्राय बसू शकतात, हे मी मान्य करतो. माझी तक्रार शून्याबद्दल आहे. घरच्या मैदानावर ऐंशी मिनिटं खेळून एकही गुण मिळत नाही, याची कारणं दक्षिण आफ्रिकेनं येताना सोबत आणलेली नव्हती. ती आमची आहेत, घरची आहेत आणि जुनी आहेत. एकेक सुटं घेतलं तर प्रत्येक कारण क्षुल्लक आहे, आणि म्हणूनच ते सहन होत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. २००७च्या सप्टेंबरात नोकरीसाठी कार्डिफला आलो. त्याच महिन्याच्या २९ तारखेला फ्रान्समधल्या नान्त शहरात फिजीनं वेल्सला ३८-३४ असं हरवून विश्वचषकातून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम किंवा दिलबहार हरली की त्या पेठेत रात्री कसली शांतता पसरते, ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. त्यामुळे या देशाची भाषा येण्याआधी मला त्याचं दुःख कळलं. तेव्हापासून हा संघ माझा आहे.

रग्बी न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. हातानं चेंडू फक्त मागं किंवा आडवा देता येतो. पुढं न्यायचा तर छातीशी धरून पळायचं, नाहीतर पायानं मारायचा. समोरच्या रेषेपलीकडं टेकवला की ट्राय, म्हणजे पाच गुण. त्यानंतरची किक साधली तर आणखी दोन. समोरच्यानं नियम मोडला आणि पेनल्टीची किक खांबांमधून गेली तर तीन. आणि हातातून चेंडू पुढं सांडला की तो नॉक-ऑन. खेळ थांबतो आणि चेंडू समोरच्यांना मिळतो.

माझी पहिली तक्रार या सांडणाऱ्या चेंडूबद्दल आहे. पावसात सांडला तर समजू शकतो. पण कार्डिफच्या स्टेडियमला छप्पर आहे आणि ते बंद करता येतं. कोरड्या मैदानावर, अंगाला कोणी हातही लावलेला नसताना, समोरच्या रेषेपासून दहा मीटरवर चेंडू सांडतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसतात. १९७१, १९७६ आणि १९७८ ही तिन्ही ग्रँड स्लॅमची, म्हणजे युरोपातल्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने जिंकण्याची, वर्षं त्यांनी पाहिली आहेत. चेंडू सांडला की कार्यक्रमपत्रिकेच्या समासात ते पेन्सिलीनं एक रेघ ओढतात. ही त्यांची जुनी सवय आहे. त्या नोव्हेंबरच्या सामन्यात मध्यंतरालाच त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. कोल्हापुरात माझे आबा रात्री मोबाइलवर सामना बघतात. त्यांनी फोनवर विचारलं, "काय रं, पुन्हा हरलासा? त्यास्नी चेंडू धराया येत न्हाई व्हय?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी तक्रार गुण मिळवल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाची. रग्बीत आपण ट्राय केला की खेळ पुन्हा सुरू करण्याची किक समोरचे मारतात आणि चेंडू आपल्याकडे येतो. म्हणजे गुणही आपले आणि चेंडूही आपला. हा सामन्यातला सर्वांत सोपा क्षण असायला हवा. आमच्याकडे तो सर्वांत धोक्याचा असतो. चेंडू उंच येतो, दोघं त्याकडे बघतात, दोघंही दुसऱ्यासाठी थांबतात आणि तो दोघांच्या मधे पडतो. 'माझा' असा एक शब्द मोठ्यानं ओरडायचा असतो. शाळेच्या संघात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

तिसरी तक्रार लाइनआउटची. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही संघ समोरासमोर रांगा करतात, आणि हूकर दोन रांगांच्या मधून तो सरळ फेकतो. आपल्या एका गड्याला दोघांनी वर उचलायचं आणि त्यानं चेंडू झेलायचा. फेकायचं कधी, कोणासाठी, किती उंच, हे फक्त आपल्याला माहीत असतं. तरीही समोरच्या रेषेपासून पाच मीटरवर, जिथं एक चांगली फेक म्हणजे जवळजवळ पाच गुण, तिथं आमची फेक वाकडी जाते किंवा समोरचा उडी मारून घेऊन जातो. ही फेक सरावाची गोष्ट आहे. तिला पैसा लागत नाही, वजन लागत नाही, परदेशी प्रशिक्षक लागत नाही. एक माणूस, एक भिंत आणि रोजचा एक तास लागतो.

चौथी तक्रार हातातला चेंडू पायानं देऊन टाकण्याची. चेंडूवर जमलेल्या माणसांच्या ढिगाऱ्यामागं खेळाडू एकामागं एक चिकटून सुरवंटासारखी लांब रांग करतात, चेंडू बाहेर काढणारा स्क्रम-हाफ सावकाश पाय सरसावतो, पंच चेंडू बाहेर काढा म्हणून बजावतात, आणि मग उंच किक. पाठलाग करणारे वेळेत पोचले तर ही किक उपयोगाची असते, हे मला कळतं. आमचे पोचत नाहीत. समोरचा निवांत झेलतो आणि पळत सुटतो. दहा मिनिटं धक्के खाऊन मिळवलेला चेंडू असा परत करण्यापेक्षा हातात ठेवून मागं ढकललं गेलेलं मला चालेल.

पाचवी तक्रार सगळ्यांत महागात पडते. ती म्हणजे फुकटच्या पेनल्टी. ८ फेब्रुवारी २०२५चा रोमचा सामना आठवा. भरपूर पाऊस होता. इटलीनं आख्ख्या सामन्यात एकच ट्राय केला. वेल्सच्या खात्यात पंचांनी बहाल केलेला पेनल्टी ट्राय धरून दोन झाले. तरी इटली २२-१५ असा जिंकला, कारण त्यांचे पंधरा गुण पाच पेनल्टी किकमधून आले. ट्राय रोखण्यासाठी पंधरा माणसं जिवाचं रान करतात, आणि एक पाऊल आधी पुढं आल्याबद्दल, खाली पडलेल्या माणसावरून हात न काढल्याबद्दल तीन-तीन गुण निघून जातात. तीन दिवसांनी वॉरन गॅटलंड वेल्सच्या प्रशिक्षकपदावरून गेले. पुढच्या महिन्यात इंग्लंडनं कार्डिफमध्ये येऊन ६८-१४ असं हरवलं, दहा ट्राय करून. प्रशिक्षक बदलला होता, सवय बदलली नव्हती.

सहावी तक्रार अर्ध्या सामन्याची. ३ फेब्रुवारी २०२४ला स्कॉटलंडविरुद्ध उत्तरार्धाच्या सुरुवातीला आम्ही ०-२७ असे मागं होतो. मग चार ट्राय झाले आणि सामना २६-२७ असा गेला. सगळ्यांनी त्या झुंजीचं कौतुक केलं. मी करणार नाही. २००२नंतर स्कॉटलंड कार्डिफमध्ये प्रथमच जिंकलं, आणि ज्या संघाला अर्ध्या तासात सव्वीस गुण करता येतात त्यानं आधीच्या चाळीस मिनिटांत एकही का केला नाही, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पुढच्या आठवड्यात इंग्लंडविरुद्ध ट्विकनममध्ये मध्यंतराला आम्ही १४-५ असे पुढं होतो. उत्तरार्धात एकही गुण केला नाही आणि १४-१६ असे हरलो. पूर्वार्ध एका सामन्यातला आणि उत्तरार्ध दुसऱ्यातला, असा हिशेब गुणतक्त्यावर चालत नाही.

सातवी तक्रार सामन्यानंतरच्या बोलण्याची. शिकायला पुष्कळ मिळालं, हे वाक्य आता मला ऐकवत नाही. २०२४ साली वेल्स अकरा कसोटी सामने खेळला आणि अकराही हरला. एकही विजय नसलेलं असं वर्ष १९३७नंतर आलं नव्हतं. ७ ऑक्टोबर २०२३ला जॉर्जियाविरुद्ध जिंकल्यानंतर पुढचा कसोटी विजय १२ जुलै २०२५ला जपानमध्ये कोबे इथं मिळाला. मधे अठरा पराभव आणि ६४४ दिवस. अठरा धडे झाले. शिकणं झालं असेल तर ते पुढच्या शनिवारी हातात दिसलं पाहिजे. २०२५च्या नोव्हेंबरातल्या चार सामन्यांत आमच्यावर बरोबर दोनशे गुण झाले.

आठवी तक्रार आम्हा प्रेक्षकांबद्दल आहे, कारण दोष फक्त मैदानात नाही. राष्ट्रगीत सुरू असताना अंगावर काटा येतो. त्याआधी मैदानाच्या कडेनं उडवलेल्या ज्वाळांची काही गरज नाही. पण खेळ सुरू झाला की ऐंशी मिनिटं लोक बिअर आणायला उठतात, आणलेली घेऊन येतात, पुन्हा उठतात. स्क्रम लागलेला, म्हणजे दोन्ही संघांचे गडी एकमेकांना भिडून ढकलत असताना संपूर्ण रांगेला उभं राहावं लागतं. आणि गाणं येतं ते जिंकत असताना. मागं पडल्यावर आवाज जातो. ज्यांना गाण्याची गरज आहे त्यांना ते त्याच वेळी मिळत नाही.

या दुर्दशेची मोठी कारणंही आहेत, आणि ती मी नाकारत नाही. २००३ साली जुन्या क्लबांच्या जागी पाच प्रादेशिक संघ आले. वर्षभरात त्यातला एक बंद पडला. पाँटिप्रिड, नीथ, लनेथ्ली अशा गावांना आपल्या क्लबची जी ओढ होती, ती प्रदेशाच्या नावाला लागली नाही. कोल्हापुरातल्या चार तालमी मिसळून 'पश्चिम विभाग' असा संघ केला तर स्टेडियमवर कोण जाईल, ते कोल्हापूरकरांनी सांगावं. २०२३च्या फेब्रुवारीत करारांवरून खेळाडू संपाच्या तोंडाशी आले होते. देशाबाहेर खेळणाऱ्याला संघात यायचं तर आधी पंचवीस कसोटी खेळलेले हवेत, असा नियम आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये कार्डिफचा प्रादेशिक संघ दिवाळखोरीत गेला आणि राष्ट्रीय संघटनेनं तो ताब्यात घेतला. त्याच वर्षी चारातला एक संघ कमी करायचं तिनं ठरवलं. आपल्या नोकरीचं काय होणार, हे माहीत नसलेला पोरगा मैदानात उतरतो. त्याच्याबद्दल मला राग नाही.

पण या कारणांमुळे लाइनआउटची फेक वाकडी जात नाही.

हे मी ठामपणे म्हणतो, कारण २००८ साल मी पाहिलं आहे. नान्तच्या पराभवानंतर संघ बदलला नव्हता. तेच गॅटलंड तेव्हा प्रशिक्षक म्हणून आले आणि बचावासाठी शॉन एडवर्ड्स आले. बहुतेक खेळाडू तेच होते. २ फेब्रुवारीला इंग्लंडविरुद्ध ट्विकनममध्ये मध्यंतराला ६-१६ असे मागं असताना त्यांनी सामना २६-१९ असा जिंकला. त्या मैदानावर वेल्स वीस वर्षांत जिंकला नव्हता. १५ मार्चला फ्रान्सला २९-१२ असं हरवून ग्रँड स्लॅम पुरा केला. पाच सामन्यांत त्यांच्यावर फक्त दोन ट्राय झाले. नान्तच्या पराभवापासून हे घडायला सहा महिनेही लागले नाहीत. तेवढ्या काळात क्लबांची व्यवस्था बदलत नाही. बदलला तो टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं; बदलली जागेवर पोचायची शिस्त. आबा उमेदीत कबड्डी खेळायचे. पकड हातानं होत नाही, असं ते सांगायचे. "पाय आधी जाग्यावर गेला पायजे, हात मागनं जातो." रग्बीचा टॅकलही तसाच असतो.

आजच्या संघात काही नाही, असंही नाही. १५ नोव्हेंबर २०२५ला जपानविरुद्ध शेवटच्या किकवर जॅरड एव्हन्सनं २४-२३ असा सामना काढला. दोन वर्षांहून अधिक काळानंतर घरच्या मैदानावरचा तो पहिला कसोटी विजय होता. पुढच्या आठवड्यात टॉम रॉजर्सनं न्यूझीलंडविरुद्ध तीन ट्राय केले. १९०५ साली न्यूझीलंडला ३-० असं हरवणाऱ्या या देशाच्या एकाही खेळाडूनं त्याआधी असं केलेलं नव्हतं. आम्ही तो सामना २६-५२ असा हरलो, पण त्या संध्याकाळी मी ताठ मानेनं घरी आलो. ज्यांना न्यूझीलंडविरुद्ध चेंडू धरता येतो, त्यांना तो दर शनिवारी धरता यायला हवा.

म्हणून या संघाकडं माझं मागणं लहान आहे. ग्रँड स्लॅम मागत नाही. १९५३नंतर न्यूझीलंडला हरवलेलं नाही, तेही आता लगेच मागत नाही. फेक सरळ फेका. फुकटची पेनल्टी देऊ नका. पहिल्या मिनिटापासून खेळा. आणि पुढच्या सामन्यात पहिली किक उंच येईल तेव्हा ज्याच्या डोक्यावर चेंडू असेल त्यानं मोठ्यानं 'माझा' म्हणावं, आणि तो धरावा.