खोलीवाले काका

एसटीतून उतरलेला माणूस देवाला आलाय, की कुरुंदवाडला जाताना चुकून आधीच उतरलाय, हे नृसिंहवाडीतले खोलीवाले काका त्याच्या पिशवीवरून सांगतात. पिशवीतून पंचाचं टोक डोकावत असेल तर अभिषेकवाला. बायको चार पावलं पुढे चालत असेल तर नवस तिचा. आणि उतरल्या उतरल्या ज्यांनी बासुंदीची चौकशी केली ती नुसती सहल. त्यांना काका जिना चढावा लागेल अशी वरची खोली देतात.

वाडीत आता भक्तनिवास आहेत, लॉज आहेत; पण पिढ्यान्‌पिढ्या 'आमच्याकडेच उतरायचं' अशी ठरलेली घरंही आहेत. काका अशाच एका घराचे मालक. (असे काका गल्लीगणिक एक सापडतात, तेव्हा कुणी अंगाला लावून घेऊ नये.) त्यांच्याकडे आधी चौकशी मिळते, मग खोली. कुठले? सांगली? बरं, पण मूळचे कुठले? तासगावात कुणाचे कोण? काहीतरी धागा हाताला लागेपर्यंत किल्ली कनवटीलाच असते. धागा लागला की भाडं सांगायला काकांना संकोच वाटतो. मग ते काकूंना सांगायला लावतात. काकूंना तसला संकोच नाही.

किल्लीबरोबर सूचना येतात. बंब किती वाजता पेटतो, सोवळं कुठे मिळेल, महाप्रसादाची रांग कुठून लागते, पालखी चुकली तर निदान शेजारती तरी गाठा. पहाटे काकडआरतीला काका दारावर थाप मारतात. "आम्ही नुसते झोपायला आलोय," असं सांगणाऱ्या एका जोडप्यालाही त्यांनी उठवलं होतं. "झोपायला घर नाही का तुम्हाला?"

मुक्काम म्हणजे काय, याचा काकांपुढे थोर दाखला आहे. नृसिंह सरस्वती इथे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ १२ वर्षं राहिले आणि पादुका ठेवून गाणगापूरला गेले. "बारा वर्षं! आणि जाताना सामान इथंच ठेवून गेले. आता बोला." त्यामुळे खोलीत कुणाचा चार्जर राहिला तर काका तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवतात. त्या कोनाड्यात आजघडीला दोन चार्जर, एक कवळी आणि डाव्या पायाची एक चप्पल आहे. मालक आज ना उद्या येतील, कारण पौर्णिमा दर महिन्याला येते.

'गुरुचरित्रा'तला घेवड्याचा वेलही त्यांच्या धंद्यात उपयोगी पडतो. गरीब ब्राह्मणाकडे हेच गुरुमहाराज भिक्षेला आले, घेवड्याच्या शेंगांची भाजी जेवले आणि जाताना दारचा वेल उपटून गेले. घरातली रडायला लागली, आणि वेलाच्या मुळाशी धनाचा हंडा निघाला. तेव्हा पाहुण्यानं काही मोडलं तर ओरडू नये, असा काकांचा नेम. एकदा इचलकरंजीच्या मंडळींनी न्हाणीघरातला नळ मुळासकट उपटला. काका शांत राहिले. खाली फरशी फोडून बघितली. हंडा निघाला नाही, प्लंबरचं बिल निघालं.

खोली सोडायची वेळ पावसाळ्यात कृष्णामाई ठरवते. पाणी चढत देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नानाला गर्दी लोटते. आणखी चढलं की उत्सवमूर्ती उंचावरच्या नारायणस्वामी मंदिरात जाते. त्याच्याही वर चढलं की यात्रेकरू निघतात, आणि शेवटी काका. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही पुरांत हाच क्रम राहिला.

अशा काकांना भाच्याच्या मुलाच्या मुंजीला मुंबईला जावं लागलं. भाच्याचं घर वन बीएचके आणि त्यात त्याची सासुरवाडी आधीच उतरलेली. म्हणून त्यानं अंधेरीला सेल्फ चेक-इन हॉटेल बुक केलं. "स्वस्त आहे मामा, कुणाशी बोलायलासुद्धा लागत नाही." हा गुण आहे हे काकांना पटेना.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं काका सकाळी दादरला उतरले आणि लोकल धरून साडेनवाला हॉटेलात पोचले. काउंटर नाही, घंटा नाही, माणूस नाही. भिंतीवर एक पडदा. पडद्यानं आधारकार्ड मागितलं. मग चेहरा वर्तुळात आणायला सांगितलं, मग डोळे मिचकावायला सांगितलं. परक्या ठिकाणी पहिल्याच भेटीत डोळे मिचकावणं काकांच्या संस्कारात बसत नव्हतं. तरी त्यांनी मिचकावले. ओटीपी भाच्याच्या मोबाइलवर गेला आणि भाचा लोकलमध्ये लोंबकळत होता. त्यानं खाली उतरून कळवलं, तेव्हा त्या आकड्याची मुदत संपली होती. दुसरा आकडा चालला. मग पडद्यानं सांगितलं की खोली दोन वाजता उघडेल.

"आम्ही रात्री तीनला आलेल्यांनासुद्धा दार उघडतो ओ," काका पडद्याला म्हणाले. पडदा काही बोलला नाही. आधार घेतला, चेहरा घेतला, पण 'कुठले तुम्ही?' एवढं काही त्यानं विचारलं नाही. हे मात्र काकांच्या मनाला लागलं.

त्यांनी फोनवर तक्रार केली तेव्हा भाच्यानं समजूत घातली. मुंबई सेंट्रलला तर २०२१ पासून स्टेशनातच ४८ कप्प्यांचं हॉटेल आहे; बहुतेक कप्प्यांत एकेकच माणूस. कल्पना जपानची, तिथे १९७९ मध्ये ओसाकाला पहिलं असं हॉटेल निघालं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि कप्प्यातल्याला काकडआरतीला उठवतं कोण?"

दोन वाजेपर्यंत करायचं काय? लॉबीतल्या एकुलत्या एका सोफ्यावर काका बसले, मांडी घातली, पेढ्यांचा पुडा सोडला. तेवढ्यात इंटरव्ह्यूला आलेला नागपूरचा पोरगा पडद्यापुढे घामाघूम झाला. "वर्तुळात ये. चष्मा काढ. आता डोळे मिचकाव, लाजू नको. कुठला तू? मूळचा कुठला?" पोराचं जमलं. मग सोलापूरचं एक जोडपं आलं, डॉक्टरांना दाखवायला. त्यांच्या पिशव्या काकांनी सोफ्यामागे ठेवून घेतल्या, बदल्यात पेढा दिला आणि नवऱ्याच्या मावशीचं सासर कोल्हापुरात असल्याचं बाराच्या आत शोधून काढलं. दोन वाजता त्यांची स्वतःची खोली उघडली, पण तोवर तिकडे जायला त्यांना सवड नव्हती.

रात्री ते खोलीत गेले खरे. दिवे लागायला कार्ड भिंतीतल्या खाचेत ठेवावं लागतं हे त्यांना जमलं. पाणी आणायला बाहेर जाताना ते काढून घ्यावं लागतं, हे दार मागे बंद झाल्यावर कळलं. पंचावर उभे असलेल्या काकांना नागपूरच्या पोरानं आपल्या खोलीत झोपायला घेतलं. पहाटे पाचला काकांनी त्याला उठवलं. इंटरव्ह्यू अकराला होता.

मुंज झाली, काका वाडीला परतले. चार दिवसांनी त्या हॉटेलच्या मालकानं लोकांचे अभिप्राय वाचायला घेतले. एकानं पाचपैकी पाच तारे दिले होते आणि लिहिलं होतं : रिसेप्शनवरचे काका फार चांगले, फक्त प्रश्न जरा जास्त विचारतात.

मालकानं तातडीनं कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं.