अर्धा आटा

व्ही-ड्राइव्ह बोटीचे सेटिंग करणारा माणूस आणि ती बोट चालवणारा माणूस या दोन वेगळ्या जाती आहेत. दोन्ही एकाच देहात नांदतात हे खरे, पण दुसऱ्याला पाण्यावर जाण्याची संधी पहिला सहसा देत नाही. या माणसाचा मुख्य मुलूख म्हणजे अमेरिकेचा नैर्ऋत्य कोपरा: कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना यांच्या सीमेवरून वाहणारी कोलोरॅडो नदी आणि १९३८ साली पुरे झालेल्या पार्कर धरणाने अडवलेले हवासू सरोवर. लंडनहून दगड आणून १९७१ साली पुन्हा उभारलेला लंडन ब्रिज याच सरोवराच्या काठी आहे. त्याचे काम एकदाचे संपले. काठावरच्या बोटींबद्दल तसे म्हणता येत नाही.

वय बहुधा पंचावन्नच्या पुढे. उन्हाने रापलेली मान, सोललेली बोटांची पेरे, मागच्या खिशात पाना आणि वरच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली वही. वही भिजू नये म्हणून पिशवी असते. प्रत्यक्षात तिला धोका पाण्याचा नसून तेलाचा असतो. बोट सहसा अठरा फुटांच्या आसपास, सपाट तळाची, चकाकत्या रंगाची आणि पाण्यापासून इतकी कमी उंच की आत बसलेला माणूस दुरून टबात बसल्यासारखा दिसतो. मागच्या भागात उघडे व्ही-८ इंजिन उलटे बसवलेले असते. त्याची ताकद आधी पुढे, सीटजवळच्या गिअरबॉक्समध्ये जाते, तिथे वळते आणि इंजिनाच्या खालून दांड्यावाटे मागे पंख्याकडे येते. बाजूने पाहिले तर या मार्गाचा आडवा व्ही होतो, म्हणून हे नाव. एवढा वळसा कशासाठी, असे या माणसाला विचारू नये. वजन कुठे बसावे हा या सगळ्या खटाटोपाचा पाया आहे, आणि त्या विषयावर बोलायला त्याला एक सकाळ पुरत नाही.

जुन्या धाटणीच्या बऱ्याच बोटींना रिव्हर्स नसतो. इंजिन बंद असताना दांडा टाकून गिअर जोडायचा आणि मग स्टार्टर मारायचा. इंजिन पेटले की बोट निघालीच. त्यामुळे धक्क्याला लागताना इंजिन आधी बंद करून उरलेल्या वेगाचा अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला तर कुटुंबातील कुणीतरी पुढे पाय लांबवून बसलेले असते. हे काम बहुधा मेहुण्याकडे असते.

सेटिंगचा आत्मा मात्र मागच्या दोन प्लेटींत आहे. बोटीच्या मागच्या फळीला, तळाच्या रेषेत, बिजागरीवर दोन धातूच्या प्लेटी टांगलेल्या असतात. प्लेटीची मागची कड खाली गेली की पाणी तिला वर ढकलते, शेपटी उचलते आणि नाक खाली बसते. कड वर गेली की नाक मोकळे होते, तळाचा कमी भाग पाण्याला लागतो, बोट पळते आणि चालवणाऱ्याचा जीव थोडा वर येतो. निघताना नाक आभाळाकडे जाऊ नये म्हणून प्लेटी खाली हव्यात, आणि पूर्ण वेगात त्या वर हव्यात. यासाठी डाव्या पायाखाली एक पेडल असते. उजवा पाय पेट्रोलवर, डावा प्लेटींवर. पेडल प्लेटींना कुठपासून कुठपर्यंत नेणार, हे मात्र टर्नबकल ठरवतो. दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असलेली ती एक वीतभर दांडी. तीच या माणसाची जपमाळ.

मापनाचा विधी पहाटे, बोट ट्रेलरवर असतानाच सुरू होतो. आधी गुडघ्यांखाली जुना टॉवेल अंथरला जातो. मग एक लांब पोलादी सरळपट्टी तळाला चिकटवून प्लेटीच्या मागच्या कडेपर्यंत नेली जाते, आणि पट्टी व प्लेट यांच्यात किती फट दिसते ते टॉर्च मारून पाहिले जाते. फट अर्ध्या सुताची असते, म्हणजे एका इंचाचा सोळावा भाग. बारा इंच लांबीच्या प्लेटीवर अर्धे सूत म्हणजे कोनात सुमारे ०.३ अंश. घरच्यांना हा हिशेब हास्यास्पद वाटतो. पण पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ४० मैलांना जो रेटा असतो तो ८० मैलांना चौपट होतो, आणि त्या रेट्यावर अठरा फुटी बोटीचे नाक हे अर्धे सूतच झुलवत असते. म्हणजे तो बरोबरच असतो. त्याच्या बाबतीत वैताग आणणारी गोष्ट नेमकी हीच आहे.

टर्नबकलचा चेकनट सैल करायचा, अर्धा आटा फिरवायचा, चेकनट आवळायचा, वहीत लिहायचे. नट आवळताना टर्नबकल पाव आटा परत फिरतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

सात वाजता पाणी आरशासारखे असते आणि दहाला वारा सुटतो, त्यामुळे चाचणीला तीनच तास मिळतात. त्यातला पहिला तास टॉवेलावर गेलेला असतो. उरलेल्या वेळात बोट नाक वर-खाली करत उड्या मारू लागली, तर प्लेटी जास्त वर आहेत किंवा वजन जास्त मागे आहे. नाक जडावून पाणी कापू लागले आणि स्टिअरिंग स्वतःचे मत मांडू लागले, तर प्लेटी जास्त खाली आहेत. पंखा एका दिशेने फिरतो म्हणून अंग उलट बाजूला कलते. ते सावरायला एक प्लेट दुसरीपेक्षा किंचित खाली ठेवतात. तेवढ्यात मेहुणा शेजारच्या सीटवर येऊन बसतो आणि सगळे गणित नव्वद किलोंनी बदलते. त्यातून पेट्रोलच्या टाक्या दोन्ही कुशींना एकेक. ७५ लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ५५ किलो. एकाच टाकीतून पेट्रोल ओढले गेले तर सकाळी डावीकडे झुकणारी बोट दुपारी उजवीकडे झुकते. वहीत यासाठी ‘गूढ’ असा शेरा सापडतो, आणि दोन पाने उलटल्यावर त्यावर काट मारून ‘टाकीचा कॉक’ असे लिहिलेले सापडते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या विद्येचा पहिला नियम. तो दुसऱ्याला सांगताना या माणसाचा स्वर गुरुजनांचा होतो. स्वतः मात्र तो प्लेट बदलता बदलता ‘आलोच आहे खाली तर’ म्हणून पंखाही बदलतो. बोट सुधारली तर श्रेय कोणाचे हे कळत नाही, आणि बिघडली तर दोन्ही परत करावे लागते. तंबोरा जुळवता जुळवताच मैफलीची वेळ टळून जावी, तशी त्याची शनिवारची सकाळ जाते, आणि गवई मात्र प्रसन्न असतो.

पंख्यांचे प्रकरण स्वतंत्र आणि खर्चिक. पंख्याचा पिच म्हणजे एका फेऱ्यात तो किती इंच पुढे सरकावा याचे कागदावरचे माप. १६ इंची पिच, गिअरमध्ये एकास एक प्रमाण आणि मिनिटाला ६००० फेरे, की कागदावर बोट ताशी जवळजवळ ९१ मैल धावते. पाण्यात बारा टक्के घसर धरली तर ८० उरतात. घसर कमी करायला पात्याच्या कडेला हलकी मुरड देतात, आणि ती देणारा कारागीर कुठल्यातरी आडगावी, फोन न उचलणारा असावा लागतो. पिच एक इंचाने वाढवावा तर इंजिनाचे फेरे पडतात. निघतानाही दम लागतो. कपाटात म्हणून तीन पंखे असतात: एक चांगला, एक ठीक, आणि एक ‘त्या दिवशी फार छान चालला होता’ असा. हा तिसरा पुन्हा कधीही तसा चालत नाही. त्या दिवशी हवा थंड होती, टाकी अर्धी होती आणि मेहुणा आला नव्हता.

वळणाच्या गोष्टी आल्या की हाच माणूस थट्टा बंद करतो. सपाट तळाला वळताना धरायला काही नसते, म्हणून तळाखाली फिन लावतात. फिन लहान असेल तर बोट आडवी घसरत जाते. फिन नको इतकी धरली, किंवा नाक खाली असताना वळण घेतले, तर बोट डोळ्याचे पाते लवायच्या आत जागीच फिरते आणि आतली माणसे आधीच्या दिशेने पुढे जातात. सुकाणूत बोटभर खेळ असलेली बोट तो पाण्यात उतरवू देत नाही, मग ती कोणाचीही असो. सुकाणूचे पातेही पाचरीच्या आकाराचे, पुढे धार आणि मागे जाड बोथट कड, म्हणजे पाणी त्यावरून स्वच्छ सुटते. ते किती तिरके टांगावे, यावर काठावर दोन पक्ष आहेत आणि ते एकमेकांच्या बार्बेक्यूला जात नाहीत.

तळाचे काम हिवाळ्यात. मागच्या भागात तळ आत दबलेला असेल तर नाक खाली दाबले जाते आणि बाहेर फुगलेला असेल तर उचलते. ते सपाट करायला बोट उलटी टांगून लांब फळीवर लावलेल्या पॉलिशपेपरने घासतात. याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. धूळ फार होते आणि गॅरेजमधली गाडी मार्चपर्यंत रस्त्यावर राहते.

काठावर त्याचा सनातन प्रतिपक्ष म्हणजे जेट बोटवाला. १९७० च्या दशकात जेट बोटी पसरल्या. तळाखाली ना पंखा, ना सुकाणू. उथळ पाण्यातही जाते आणि मागेही येते. जेटवाला सातला येतो, सव्वासातला पाण्यावर असतो आणि जाताना हात हलवतो. सेटिंगवाला टॉवेलावरून मान न उचलता पाना हलवतो. दुसरा उपद्रव सल्लागाराचा. स्वतःची बोट त्याने विकलेली असते, त्यामुळे त्याला कशाचीच घाई नसते. तो पाठीमागे उभा राहून फक्त ‘माझी मी जरा वर ठेवत असे’ एवढेच म्हणतो आणि कॉफी आणायला जातो. चेकनट पुन्हा सैल होतो.

बायकोचे या विषयावरचे प्रश्न कालांतराने कमी होत जातात. सुरुवातीला ‘आता झाली का?’, मग ‘आज पाण्यात घालणार का?’, आणि शेवटी ‘जेवायला किती वाजता?’. मुलांना स्कीइंग शिकवायचे म्हणून बोट घेतलेली असते. मुले शिकतात, पण शेजाऱ्याच्या जेट बोटीमागे.

कधीतरी गुडघे साथ सोडतात आणि बोट विकायला निघते. जाहिरातीत ‘सेटिंग परिपूर्ण, फक्त बसा आणि चालवा’ असे असते. गिऱ्हाईक येते ते स्वतःची सरळपट्टी घेऊन, त्यामुळे सौदा लवकर जमतो. बोट, इंजिन, ट्रेलर, दोन पंखे आणि वही एवढे दिले जाते. तिसरा पंखा यादीत नसतो. तो कशाला ठेवलात, या बायकोच्या प्रश्नावर उत्तर मिळत नाही. पण संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर तो पंखा असतो, शेजारी व्हर्नियर असतो, आणि त्या मापाचा दांडा असलेली एखादी बोट कुठे मिळेल याची चौकशी फोनवर सुरू झालेली असते.