संकल्प आणि सातबारा

डॉक्टरांना नोंदणी टिकवायची तर 5 वर्षांत 30 क्रेडिट गुण मिळवावे लागतात. भटजींना मात्र एकदा संथा झाली की जन्मभर सूट. हा अन्याय निदान पुण्याजवळच्या मुळशीत तरी दूर व्हावा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवते, हे स्तुत्यच. पण उजळणीचं काय? हिंजवडीत चौदाव्या मजल्यावर स्प्रिंकलर सुरू न होऊ देता होम करणं, यजमान कॅलिफोर्नियातून आचमन करत असताना त्यांना म्यूट करणं, जेसीबीला हळदीकुंकू नेमकं कुठे लावावं (बकेटला, असं माझं नम्र मत), हे कुठल्या पोथीत आहे? म्हणून भटजींचीही उजळणी परीक्षा घ्यावी; प्रात्यक्षिक मात्र भूमिपूजनाचंच हवं. एकाच प्लॉटवर तिसऱ्या मालकाचा नारळ फुटत असताना संकल्पात नाव कोणाचं घ्यावं, इथे भलेभले घनपाठी अडखळतात. म्हणून परीक्षक तलाठी असावेत. दक्षिणेचा अनुभवही त्यांचाच दांडगा.