इंग्लिश क्लबचा समर्थक : आढळ, वर्षचक्र आणि उपचार
(सातारा-सांगली विभाग)

(रंगमंचावर फळा, छडी आणि टेबलावर एक जाडजूड ग्रंथ. व्याख्याते बंद गळ्याच्या कोटात उभे. संपूर्ण प्रयोगात ते एकदाही हसत नाहीत. कोटाखाली कुठल्यातरी क्लबची जर्सी आहे. कुठल्या, ते शेवटपर्यंत कळत नाही.)

प्रकरण पहिले : व्याख्या

इंग्लंडमधील एखाद्या फुटबॉल क्लबच्या विजयाने ज्याच्या पदरात काही पडत नाही, पण पराभवाने ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, अशा व्यक्तीस त्या क्लबचा समर्थक असे म्हणतात. समर्थक क्लबच्या गावी कधी गेलेला नसतो. क्लबला त्याचे नाव ठाऊक नसते. त्याला मात्र क्लबच्या डाव्या बचावपटूच्या गुडघ्याची खडान्‌खडा माहिती असते. वडिलांच्या गुडघ्याचे ऑपरेशन कोणत्या पायाचे झाले, हे तो आईला विचारून सांगतो.

प्रकरण दुसरे : आढळ

(फळ्यावर कृष्णा नदी काढतात. तिच्या काठी सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज असे ठिपके.)

हे दोन्ही जिल्हे मुळात कुस्तीचे. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. कुस्तीत एकाची पाठ लागते, दुसऱ्याला फेटा बांधतात आणि माणसे घरी जातात. फुटबॉलात नव्वद मिनिटे पळून शून्य-शून्य होते, आणि समर्थक म्हणतो, "मॅच फार टॅक्टिकल झाली."

सांगलीपासून सुमारे ५० किलोमीटरवर कोल्हापूर आहे. तेथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल असे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि स्टेडियम भरते. कोल्हापूरकराला क्लब निवडावा लागत नाही. ज्या पेठेत पाळणा, त्या पेठेचा झेंडा. सातारा-सांगलीकराला ही सोय नव्हती. त्याने टीव्ही लावला.

प्रीमियर लीगचा पहिला सामना १५ ऑगस्ट १९९२ रोजी झाला. भारतीयांना पुन्हा गुंतवण्यासाठी इंग्लंडने नेमका हाच दिवस निवडला, हा योगायोग समजावा.

मँचेस्टर हे नाव या भागाला नवीन नाही. इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात, आणि सांगलीहून तेथे एसटीने जाता येते. मँचेस्टर युनायटेडचे बहुसंख्य समर्थक मँचेस्टरच्या जास्तीत जास्त जवळ पोचतात, ते इचलकरंजी स्टँडवर.

प्रकरण तिसरे : क्लबावरून वय ओळखणे

समर्थकाला वय विचारू नये. क्लब विचारावा.

युनायटेड म्हणाला, तर तो १९९९ साली शाळेत होता. त्या वर्षी बायर्न म्युनिकविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये दोन गोल करून युनायटेडने युरोपचा करंडक उचलला. आर्सेनल म्हणाला, तर २००३-०४. त्या हंगामात आर्सेनलने ३८ पैकी २६ सामने जिंकले, १२ बरोबरीत सोडवले, एकही गमावला नाही. चेल्सी म्हणाला, तर २००५. चेल्सीला पन्नास वर्षांनी लीग मिळाली होती. मँचेस्टर सिटी म्हणाला, तर तो अजून घरच्यांच्या पैशावर रिचार्ज मारतो, आणि दुसरा क्रमांक येणे म्हणजे दुःख अशी त्याची समजूत असते.

लिव्हरपूलच्या समर्थकाचे वय काढता येत नाही. १९९० नंतर या क्लबला लीग मिळाली ती थेट २०२० मध्ये. मधल्या तीस वर्षांत त्यात कोण कशासाठी सामील झाले, याचा शास्त्रीय उलगडा झालेला नाही. विजेतेपद नक्की झाले २५ जून २०२० रोजी, कोरोनाच्या काळात. ज्या जिल्ह्यात ग्रामपंचायतीची एक जागा आली तरी ट्रॅक्टरभर गुलाल उधळतात, तेथे तीस वर्षांचा गुलाल पुडीतच राहिला.

प्रकरण चौथे : वर्षचक्र

(फळ्यावर भिंतीवरची दिनदर्शिका टांगतात.)

श्रावण, अर्थात ऑगस्ट. या महिन्यात समर्थकाची प्रकृती उत्तम असते. सर्व वीस क्लब शून्य गुणांवर असतात. इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या तक्त्यात आर्सेनल पहिले दिसते. काही समर्थक तेवढ्यात स्क्रीनशॉट काढून ठेवतात. नवा खेळाडू येतो. समर्थक त्याच्या नावाची जर्सी घेतो. खरी परवडत नाही, म्हणून पेठेतली. दोन धुण्यांत तिचा रंग जातो. तोवर खेळाडूही गेलेला असतो.

गणपती. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत साधारण याच सुमारास संपते. मंडळाची आरती चालू असताना मागच्या रांगेतला एक जण मोबाईलकडे बघून "आला, आला!" असे ओरडतो. बाप्पा आधीच बसलेले असल्याने भाविक गोंधळतात.

दिवाळी. क्लब सातवा असतो. मॅनेजरला हाकला, अशी मागणी सुरू होते.

(छडी टेबलावर ठेवून खडू घेतात.)

युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ ते २०१३ असे टिकले. (फळ्यावर नाव लिहितात, पुसतात.) त्यानंतर डेव्हिड मॉयेस. (पुसतात.) लुई व्हान गाल. (पुसतात.) जोझे मोरिन्यो. (पुसतात.) ओले गुन्नार सोल्शायर. (पुसतात.) एरिक टेन हाग. (पुसतात. खोकतात.) मधल्या हंगामी नेमणुका खडूच्या टंचाईमुळे वगळल्या आहेत.

संक्रांत. घरचे तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतात. आदल्या रात्री तीन-शून्यने हरलेला समर्थक तिळगूळ घेतो.

पाडवा. हा गणिताचा काळ. दहावीला गणितात पस्तीस गुणांवर सुटलेला समर्थक या दिवसांत गुण, उरलेले सामने व गोलफरक यांची तोंडी समीकरणे सोडवतो. "आपण सगळ्या जिंकल्या, त्यांनी दोन हरल्या आणि एक ड्रॉ केली, तर येतंय." आर्सेनल हा क्लब २०२२-२३ मध्ये २४८ दिवस पहिल्या क्रमांकावर होता आणि दुसरा आला. पुढच्या वर्षी ८९ गुण मिळवून दुसरा आला. त्याच्या पुढच्या वर्षी, सरावाने, दुसरा आला.

अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई. हंगामाच्या शेवटच्या दिवशी दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात. १३ मे २०१२ रोजी युनायटेडने आपला सामना जिंकला. सिटी पिछाडीवरून इंज्युरी टाइममध्ये बरोबरीला आली होती, पण बरोबरी पुरणार नव्हती. युनायटेडचे समर्थक काही क्षण विजेते होते. मग सिटीच्या अग्वेरोने ९४ व्या मिनिटाला गोल केला. दोन्ही क्लबांचे गुण ८९. गोलफरक सिटीचा ६४, युनायटेडचा ५६. त्या रात्री लग्नाच्या मांडवात एखादा तरुण हमसून रडत होता, आणि नवरीकडच्या बायका म्हणत होत्या, "भाऊ असावा. लई जीव दिसतो बहिणीवर."

जून, जुलै. सामने नसतात. समर्थक घरच्यांशी बोलू लागतो. घरचे काळजी करतात.

प्रकरण पाचवे : घड्याळ आणि घर

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना येथे उन्हाळी वेळेनुसार साडेसातला आणि हिवाळी वेळेनुसार साडेआठला दिसतो. इंग्लंड वर्षातून दोनदा घड्याळ बदलते, आणि विट्यातल्या एका घरातली जेवणाची वेळ त्याबरोबर बदलते.

इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात टीव्हीवर थेट सामने दाखवत नाहीत. लोकांनी मैदानावर जावे, हा हेतू. त्यामुळे मैदानाशेजारी राहणाऱ्या इंग्रज आजोबांना घरबसल्या न दिसणारा सामना तासगावच्या पोराला अंथरुणात दिसतो. समर्थक यास जागतिकीकरण म्हणतो. आई म्हणते, "डोळे फुटतील."

युरोपातले सामने हिवाळ्यात रात्री दीडला सुरू होतात. येथे समर्थकाला नि:शब्द आनंद साधावा लागतो. त्याची कृती पुढीलप्रमाणे.

(उशी दातांत धरतात. दोन्ही मुठी वर. एका पायावर गोल फिरतात. पाय पाण्याच्या तांब्याला लागतो. मोठा आवाज.)

आजीचा आवाज : आरं काय झालं रं? कोण गेलं?

समर्थक : कोणी नाही गं आजी. गोल झाला.

आजी : कुणाचा?

समर्थक : साकाचा.

आजी : आपल्यातला हाय का?

समर्थक : (विचार करून) आपल्यातलाच, आजी. लंडनला असतो.

आजी : मग असू दे. जागाच हाईस तर मोटार चालू करून ये. लाईट आलीया.

(व्याख्याते उशी घडी करून ठेवतात.)

समर्थकाचा घराला झालेला हा एकमेव आर्थिक लाभ. शेतीची थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीच मिळते, आणि त्या वेळी जागा असलेला माणूस फुकटात उपलब्ध होतो. चॅम्पियन्स लीगच्या हंगामात ऊस वेळेवर भिजतो.

मे २००५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलमधील अंतिम सामन्यात मध्यंतराला लिव्हरपूल ए. सी. मिलानविरुद्ध तीन गोलांनी मागे होते. येथे रात्रीचा एक वाजला होता. नंतर लिव्हरपूलने तीन गोल फेडले आणि पेनल्टीवर करंडक जिंकला. मध्यंतराला झोपून गेलेले समर्थक दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळ असावेत. आजवर एकही सापडलेला नाही.

प्रकरण सहावे : मराठी मुलखाचा प्रत्यक्ष संबंध

(कोट झटकतात. स्वर गंभीर.)

इंग्लिश क्लबशी महाराष्ट्राचे नाते केवळ टीव्हीचे आहे, असे मानणे चूक ठरेल. १८७५ साली स्थापन झालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब १९९५ मध्ये प्रीमियर लीगचा विजेता होता. शेवटच्या दिवशी तो लिव्हरपूलकडून हरला. युनायटेडलाही जिंकता आले नाही, म्हणून हरूनही विजेता ठरला. नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने विकत घेतला. म्हणजे जगभरचे समर्थक आपापल्या मालकांच्या नावाने आकाशाकडे बघून बोटे मोडत असताना, सातारकराला मात्र मालकांच्या गावी जायला स्वारगेटची एसटी पुरे होती.

डिसेंबर २०१० मध्ये मॅनेजर सॅम अलार्डाइस यांना काढण्यात आले. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्याला येऊन पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना जिंकून गेला. मे २०१२ मध्ये विगनकडून घरच्या मैदानावर हरून क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात निषेध म्हणून क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडण्यात आली. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी उतरला आणि पुढच्याच वर्षी ती पुन्हा चढला.

या इतिहासात एक चांगली नोंदही आहे. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतासाठी खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१९ मध्ये ब्लॅकबर्नला सरावासाठी गेला. समर्थक ज्या गवताकडे जन्मभर काचेतून बघतो, त्यावर तो बूट घालून उभा राहिला. तो टीव्हीसमोर बसून तेथवर पोचला नव्हता.

प्रकरण सातवे : उपचार

उपचार उपलब्ध नाही. क्लब बदलणे हा वरकरणी सोपा इलाज दिसतो, परंतु तो निषिद्ध आहे. या दोन जिल्ह्यांत पक्ष बदलणे गैर मानले जात नाही. सकाळी एका झेंड्याखाली चहा घेतलेला कार्यकर्ता सायंकाळी दुसऱ्या झेंड्याखाली जेवतो, आणि लोक वाढपही करतात. त्याच गावातला टॉटनहॅमचा समर्थक मात्र २००८ ते २०२५ अशी सतरा वर्षे एका करंडकासाठी जागचा हलला नाही.

तो करंडक आला, त्याचीही नोंद घ्यावी. २०२५ च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमने युनायटेडला १-० असे हरवले. त्या हंगामात लीगमध्ये युनायटेड पंधरावे आले होते आणि जिंकणारे टॉटनहॅम सतरावे.

आजार बरा न होण्याचे कारण लेस्टर सिटी. २०१५-१६ च्या सुरुवातीला त्यांच्या विजेतेपदावर सट्टेबाज एकास पाच हजार देत होते. लेस्टर जिंकले. हे एकदा घडले, एवढा पुरावा समर्थकाला पुढची पन्नास वर्षे पुरतो. खाणे-पिणे, झोप, पैसा, अब्रू यांपैकी काहीही न मिळता जो टिकतो, त्याला या विभागात खरा निष्ठावंत म्हणावे लागते. अन्य निष्ठावंत सध्या उपलब्ध नाहीत.

(ग्रंथ मिटतात. चष्मा काढतात.)

स्वाध्याय

प्रश्न १. चूक की बरोबर ते लिहा : 'पुढच्या वर्षी आपणच.' (सूचना : हे विधान मे महिन्यात नेहमी बरोबर असते.)

प्रश्न २. कारणे द्या : रविवारी सकाळी समर्थक पोह्यांना नाही म्हणतो.

प्रश्न ३. जोड्या लावा : बरोबरी, पराभव, विजय, "रेफ्री विकला", "नशीब", "मी म्हटलंच होतं". (जोड्या कशाही लावल्या तरी गुण मिळतील.)

उपक्रम : येत्या रविवारी आपल्या गावच्या मैदानावर होणारा एक फुटबॉल सामना प्रत्यक्ष जाऊन पाहा. खेळणाऱ्या पोरांची नावे विचारा आणि लिहून घ्या. सामना दिवसाउजेडी असतो, तिकीट बहुधा नसते, आणि गोल झाल्यावर मोठ्याने ओरडले तरी घरात कोणी जागे होत नाही.

(पडदा)