वाइनवाले जवाई

पूर्वी जवाई रुसायचे. घड्याळ, सायकल, फार झालं तर स्कूटर दिली की खुलायचे. आताचे जवाई रुसत नाहीत, शिकवतात. पुण्यात नोकरी, सुट्टीच्या दिवशी इटालियन वाइनचा प्राथमिक वर्ग आणि उन्हाळ्यात देवरीला सासुरवाडी, एवढ्या सामग्रीवर जो तयार होतो तो वाइनवाला जवाई.

ओळखणं सोपं. काहीही पिण्याआधी तो ते गोल फिरवतो. चहा, मठ्ठा, उसाचा रस, सगळ्यात आधी नाक घालतो आणि डोळे मिटतो. पहिल्यांदा सासूबाईंना वाटलं दूध नासलं. त्यांनी मुकाट्यानं दुसरा चहा ठेवला.

बाटली तो बॅगेत, पँटमध्ये गुंडाळून आणतो. ‘‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी, म्हणजे 18 डिग्रीला,’’ असं सांगतो. मे महिन्यात देवरीची रूम 44 ला असते. मग ते परदेशी ऐश्वर्य कूलरच्या पाण्यात डासांच्या सोबतीनं बसतं.

संध्याकाळी पडवीत शिकवणी. इटलीच्या 20 ही प्रांतांत वाइन होते. रस सालींसकट आंबवला की लाल रंग चढतो, तुरटपणा येतो. पिएमाँतेचं बारोलो नेब्बिओलो द्राक्षाचं. किमान 38 महिने मुरवायचं, त्यातले 18 लाकडी पिंपात. तोस्कानातल्या कियांतीचं मुख्य द्राक्ष सांजोव्हेजे, आणि ते आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडेही पिकतं. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ काढली. तीन घरचे भाऊ एका धंद्यात, याचं पडवीला वाइनपेक्षा जास्त नवल वाटतं.

मग चव. पाहा, फिरवा, हुंगा, तोंडभर घोळवा.

‘‘बारोलोला गुलाबाचा आणि डांबराचा वास येतो,’’ जवाई भक्तिभावानं म्हणतात.

‘‘डांबराचा?’’ मामेसासरे हायवेकडे हात करतात. ‘‘तो तं आमच्या दाराशीच सांडला आहे जी, नागपूरपासून रायपूरपर्यंत.’’

‘‘आणि खरा जाणकार घोट गिळत नाही. थुंकतो.’’

इथं पडवी हादरते. मामांच्या गालात खर्रा असतो. तो ते सावकाश दुसऱ्या गालात नेतात. ‘‘थुकाचाच आहे तं खर्रा का वाईट? स्वस्त पडते.’’

यावर उत्तर वर्गात शिकवलेलं नसतं. जवाई विषय बदलतात आणि व्हेरोनाकडच्या अमारोनेवर येतात. तिथं तोडलेली द्राक्षं लगेच चिरडत नाहीत. बांबूच्या ताटव्यांवर किंवा क्रेटांत पसरून तीन-चार महिने सुकवतात. पाणी उडतं, साखर दाटते, मग आंबवतात.

सुकवतात म्हटल्याबरोबर पेंगणारे म्हातारे सावरून बसतात. चैत्रात पहाटे मोहफुलं गळतात, बाया टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, वेचलेलं अंगणात वाळवतात. पुढे ते भिजवून, आंबवून चुलीवर चढतं, आणि पहिल्या धारेची कशी उतरली ते विस्तवावर चार थेंब टाकून कळतं. या शास्त्राला प्रमाणपत्र नाही, पण प्राध्यापक भरपूर. प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. पाणी आलं तं झाकता कशानं? बुरशी धरली तं टाकता की चालवता? फिरवाले दिवसातून कितीदा?

जवाई घाम पुसतात आणि सरकारी कागदाचा आधार घेतात. इटलीत 1963 पासून वाइनच्या दर्जाचा कायदा आहे. कोणतं द्राक्ष, कोणता गाव, किती मुरवायचं, सगळं लिहिलेलं. सर्वांत वरच्या दर्जाच्या बाटलीच्या गळ्याला नंबर घातलेली सरकारी पट्टी असते.

‘‘म्हणजे तिथं सरकार येते आणि गळ्यात पट्टी बांधते,’’ मामा म्हणतात. ‘‘इथं येते तं मडका फोडते.’’

पडवी हसते. जवाईही हसतात, एक घोट घेतात आणि चक्क गिळतात. मामा खाट जवळ ओढतात.

‘‘ते जाऊ द्या जी. पुढच्या बारीला तुमच्या सरले एक पुसून या. चार महिने माल पसरून ठेवते म्हणता, तं उंदराचं काय करते?’’