न केलेल्या गुन्ह्याला निम्मी सूट

एकाच आठवड्यात दोन चलनं आली. दोन्ही पाचशेची.

पहिलं हेल्मेटचं. सकाळी कात्रज चौकापर्यंत दूध आणायला निघालो होतो आणि ‘इथल्या इथे तर जायचंय’ म्हणून हेल्मेट आरशाला अडकवलं होतं. फोटो एकदम स्वच्छ. हेल्मेट आरशाला, डोकं उघडं, वर चेहऱ्यावर घाई. दुसरं चलन सिग्नल तोडल्याचं. तो चौक शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा, वर्षभरात मी तिकडे फिरकलेलोसुद्धा नाही. फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. गाडी काळी मोपेड, पुढे फळीवर गॅसची टाकी. माझी करडी मोटारसायकल आहे. फोटोतल्या पाटीवर शेवटचा आकडा आठ, माझ्या पाटीवर तीन.

घरात एकच सूर निघाला: “भरून टाक आणि मोकळा हो.”

या वाक्यावरच माझा राग आहे. पाचशे रुपये काही थोडे नाहीत, पण त्यांच्याइतकंच दुसरं एक मोल इथे जातं आणि ते कुणी मोजत नाही. मी ते चलन भरलं की नोंदीत मी सिग्नल तोडणारा माणूस झालो. जो खरा सिग्नल तोडून गेला त्याला कुणी विचारणार नाही. ज्याच्या हातून आठाचा तीन झाला, त्याला आपण चुकलो हे कधी कळणारच नाही. उद्या तीच चूक तुमच्या नावावर होईल आणि तुमच्याही घरात हाच सूर निघेल.

आमच्या वरच्या मजल्यावर वकीलबाई राहतात. जिन्यात भेटल्या तेव्हा मोबाइल पुढे केला. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले आणि विचारलं, “काका, यातलं तुम्ही केलेलं कोणतं?”

“हेल्मेटचं.”

“मग ते आज भरा. दुसऱ्याचा एक रुपयाही भरू नका.”

लढायचं की नाही याचा सगळा निवाडा मला या दोन वाक्यांत मिळाला. दंड किती, वेळ किती जाणार, सूट मिळेल का, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न एवढाच, की हे मी केलं का?

केलं असेल तर चलन भरणं म्हणजे कायद्याशी तडजोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० नुसार ही तडजोडीची रक्कम भरली की प्रकरण संपतं. कोर्टात जाऊन हरलात तर मात्र तडजोडीचा दर राहत नाही, मूळ कलमाची शिक्षा लागू होते. हेल्मेटसाठी कलम १९४-ड मध्ये हजार रुपये दंड आहे आणि तीन महिने परवाना बाद होतो. सिग्नलचं तर आणखी जपून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणं धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्येही येतं आणि तिथे तुरुंगवासाची तरतूद आहे. म्हणून चलनावर रकमेआधी कलम वाचा. आपण सगळे नेमकं उलट करतो.

आणि केलं नसेल तर? तर तुमच्या हातात बरंच काही आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्यानं किंवा दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणानं पकडलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवायची, असं तो सांगतो. गुन्हा आणि पाटी दोन्ही स्पष्ट दाखवणारा फोटो हवा, तारीख-वेळ-ठिकाण हवं, कलम हवं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. उपकरणालाही मान्यता हवी, आणि ती दरवर्षी नव्यानं घ्यायची. पुढे कॅमेरा आहे, हे सांगणारा फलकही रस्त्यावर हवा. प्रकरण निकाली निघेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवायची आहे, म्हणजे तुम्ही ती मागू शकता. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला साधारणपणे सहा महिन्यांच्या आतच घेता येते. पूर्वी हे फौजदारी संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. सबळ कारण दाखवून विलंब माफ होऊ शकतो, पण ते कारण दाखवायची जबाबदारी तुमची नाही.

गुन्हा सिद्ध करणंही तुमच्याकडे नाही, ते सरकारचं काम. तुम्ही ‘गुन्हा कबूल नाही’ म्हणालात की समोरच्याला पुरावा ठेवावा लागतो. काळी मोपेड करडी मोटारसायकल कशी झाली, हे त्यांना सांगावं लागेल.

कोर्ट ही शेवटची पायरी, हेही खरं. आधी ई-चलनाच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा. गाडीचे समोरून, बाजूने, मागून फोटो, आरसी, आणि त्या वेळी तुम्ही दुसरीकडे होतात याचा काही कागद. माझ्याकडे त्याच दुपारची, त्याच तासातली पेट्रोल पंपाची पावती निघाली, त्यावर गाडीचा नंबर छापलेला. ती शाई उडायच्या आत तिचा फोटो काढून ठेवला. तुम्हीही पावत्या चुरगाळून टाकू नका. चलन थांबण्याच्या रेषेचं असेल आणि ती रेषा पुसली गेली असेल, तर दुसऱ्याच दिवशी जाऊन रस्त्याचा फोटो काढा. महिन्यानं गेलात तर नवा पांढरा पट्टा ओढलेला असेल आणि तुमचं म्हणणं हवेत राहील. गाडी विकली असेल तर मालकी खरंच दुसऱ्याच्या नावावर गेली का, ते आधी बघा. चलन नोंदणीवरच्या नावालाच येतं आणि गाडी कोण चालवत होतं हे सांगायची जबाबदारी कलम १३३ नुसार मालकावर आहे. ‘मी कधीच विकली’ एवढं तोंडी पुरत नाही.

आता लोकअदालत. पुण्यात अलीकडे लोकअदालतीत जुन्या चलनांवर निम्म्यापर्यंत सवलत मिळते आणि रांगा लागतात. ज्यांनी गुन्हा केला त्यांनी तिथे जाऊन हिशेब मिटवावा, माझं काही म्हणणं नाही. पण त्या रांगेत असेही लोक असतात ज्यांनी काहीच केलेलं नसतं. “हजाराचे पाचशे झाले, सुटलो बुवा!” अहो, सुटलात कुठे? न केलेला गुन्हा तुम्ही निम्म्या किमतीत विकत घेतलात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. एकदा तिथे सही केली की फोटोतली मोपेड काळी होती हे ऐकायला कुणी उरत नाही.

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या हाडीमाशी खिळली आहे. जमिनीच्या दाव्यात तीन पिढ्या गेलेल्या माणसाची ती म्हण. चलनाच्या प्रकरणात मला ती मान्य नाही. कात्रजहून स्वारगेटला बस आणि स्वारगेटहून भुयारी मेट्रो. २९ सप्टेंबर २०२४ पासून ती थेट शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालय स्थानकात उतरवते. त्याच दिवशी स्वारगेट ते कात्रज मेट्रोची पायाभरणीही झाली, पण त्या गाडीला अजून वेळ आहे. माझ्यासारख्या पगारी माणसाची यात एक रजा जाते. रिक्षा चालवणाऱ्याचा, भाजीच्या गाडीवाल्याचा मात्र दिवसाचा गल्ला जातो आणि तारीख पडली तर पुन्हा जातो. म्हणून तो मुकाट्यानं भरतो. त्याला मी दोष देणार नाही. पण म्हणूनच ज्याला रजा परवडते त्यानं जायला हवं. चुकीची चलनं कुणीतरी उभं राहिल्याशिवाय कमी होणार नाहीत. घरबसल्या दाद मागायची सोय या माणसांसाठी सर्वांत आधी हवी, आणि तक्रारीला ठरलेल्या मुदतीत, कारणासह उत्तर मिळायला हवं. ‘तक्रार अमान्य’ हे दोन शब्द म्हणजे उत्तर नव्हे.

एक गोष्ट मात्र कात्रजकर म्हणून बोललीच पाहिजे. वरचे नियम वाचून काहींचे डोळे चमकले असतील. सूचना सोळाव्या दिवशी आली, कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र जुनं होतं, चला, सुटलो! ज्यानं खरंच वेगमर्यादा मोडली त्यानं ही पळवाट धरू नये. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्या उतारावरून आलेल्या एका मालवाहू वाहनानं चाळीसहून अधिक गाड्या ठोकरल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला तिथेच कंटेनरच्या धडकेनंतर आग लागली आणि आठ माणसं गेली. दोन्ही वेळा रुग्णवाहिकेचे भोंगे आम्ही घरात बसून ऐकले. त्या उतारावर वेग मोजणारा कॅमेरा माझ्या मुलीच्या जिवासाठी आहे. त्याचं चलन चुकवण्यासाठी कुणी माझा सल्ला मागू नये.

कात्रज-कोंढवा रस्त्यावर उलट्या दिशेनं येणाऱ्यांनाही हेच. वळसा लांब आहे, रस्ता वर्षानुवर्षं खोदलेला आहे, हे सगळं कबूल. त्यासाठी महापालिकेला धारेवर धरा, मीही सोबत येतो. पण समोरून शाळेची व्हॅन येत असताना उलट्या दिशेनं घुसलात तर पावती तुमचीच, आणि ती भरायची.

हेल्मेटचे पाचशे मी त्याच रात्री भरले. आता दुधालाही हेल्मेट घालूनच जातो. दुसऱ्या चलनाची तक्रार फोटो आणि पावतीसह नोंदवली आहे. ती फेटाळली तर शिवाजीनगरला जाणार. लोकअदालतीत नाही, कोर्टात. त्या दिवसासाठी एक रजा राखून ठेवली आहे.